स्पेल छाटण्याआधी : जुन्या डी अँड डीमध्ये जादूचा तोल कसा सांभाळायचा

डी अँड डी, म्हणजे डन्जन्स अँड ड्रॅगन्स, हा टेबलाभोवती बसून पात्रं घेऊन खेळायचा खेळ. त्यात पाचव्या लेव्हलचा मॅजिक-यूजर (जादूगार) एक फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा स्पेल, म्हणजे मंत्र) टाकतो, सहा हॉबगॉब्लिन (राक्षस) एका राउंडमध्ये, म्हणजे लढाईच्या एका फेरीत, संपतात आणि फायटर (योद्धा) खेळणारा गडी हातातला डाइस न टाकताच खाली ठेवतो. असे दोन-तीन खेळ झाले की डीएम (खेळ चालवणारा) पेन्सिल घेऊन फायरबॉलचं नुकसान कापायला बसतो. कोणी शत्रूला झोपवणाऱ्या स्लीपला सेव्हिंग थ्रो (परिणामातून वाचण्यासाठी टाकायचा डाइस) जोडतं, कोणी कुलूप उघडणारा नॉक हद्दपार करतं. मग मॅजिक-यूजर कोणाला खेळावासाच वाटत नाही, आणि तोल जातो तो जातोच.

माझं म्हणणं असं की जुन्या धाटणीच्या खेळात जादूचा तोल स्पेलच्या वर्णनात लिहिलेलाच नाही. तो आजूबाजूच्या नियमांत आहे: वेळ, मशाली, झोप, पुस्तकाची मर्यादा, स्पेल बिघडण्याची शक्यता. यातला एखादा नियम कंटाळवाणा म्हणून सोडून दिला की स्पेल अचानक फार ताकदवान दिसू लागतो. म्हणून स्पेल शेवटी बघायचा, आधी बाकीचं.

उदाहरणांसाठी मी १९८१चे बेसिक आणि एक्स्पर्ट हे दोन संच धरतोय, ज्यांना सगळे बी/एक्स म्हणतात. २०१९ साली आलेल्या ओल्ड-स्कूल एसेन्शियल्समध्ये हेच नियम नव्याने नीट मांडले आहेत, त्यामुळे यांपैकी कोणतंही पुस्तक हाताशी असलं तरी चालेल. जिथे १९७८च्या एडीअँडडीचा (अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डी) आधार घेतलाय तिथे तसं सांगेन.

थोडा इतिहास, कारण तो उपयोगी पडतो

गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांच्या १९७१च्या चेनमेल या युद्धखेळात जादूगार म्हणजे रणांगणावरची तोफ होती. त्याचा फायरबॉल मोठ्या कॅटापल्टइतकी जागा व्यापायचा. १९७४ साली गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं डी अँड डी आलं तेव्हा ही तोफ सैन्यातून निघून चार-सहा जणांच्या टोळीत आली. अशी तोफ दर राउंडला उडाली तर बाकीच्यांनी करायचं काय? उत्तर जॅक व्हान्सच्या १९५०च्या द डाइंग अर्थमध्ये सापडलं: स्पेल पाठ करायचा, आणि उच्चारला की तो डोक्यातून पुसला जातो. म्हणजे जादूला पहिल्यापासून आवरलंय ते 'किती जोरात' यापेक्षा 'किती वेळा' या हिशोबाने. पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

पायरी १ : कोणते नियम गळालेत ते शोधा

डी अँड डीच्या नव्या, पाचव्या आवृत्तीची सवय असलेल्या टेबलावर हे हमखास गळतात. वही घ्या आणि एकेक तपासा.

इनिशिएटिव्हचा (आधी पाळी कोणाची ते ठरवणारा) डाइस पडायच्या आधी 'मी अमुक स्पेल टाकतोय' असं सांगावं लागतं. आपली पाळी येण्याआधी मार बसला किंवा सेव्हिंग थ्रो हुकला, तर स्पेल वाया जातो आणि डोक्यातूनही जातो. त्या राउंडमध्ये दुसरं काही करता येत नाही. हा नियम एक्स्पर्ट पुस्तकात स्पष्ट आहे आणि सर्वात जास्त विसरला जातो तोही हाच. तो पाळला की शत्रूच्या धनुर्धाऱ्यांना किंमत येते, आणि फायटरने मॅजिक-यूजरसमोर उभं राहणं हे शोभेचं काम राहत नाही.

स्पेलबुकात किती स्पेल मावतात? बी/एक्समध्ये जितके रोज टाकता येतात तितकेच. पहिल्या लेव्हलला एक. तिसऱ्या लेव्हलला पहिल्या दर्जाचे दोन आणि दुसऱ्या दर्जाचा एक (लेव्हल पात्राची, दर्जा स्पेलचा). 'मिळेल तो स्पेल पुस्तकात उतरवतो' ही एडीअँडडीची पद्धत आहे, आणि तिथे त्याबरोबर बुद्धीनुसार शिकण्याची टक्केवारी येते: बुद्धी १५ किंवा १६ असेल तर ६५ टक्के. एका खेळातलं मोठं पुस्तक घ्यायचं आणि दुसऱ्या खेळातला चुकण्याचा डाइस टाळायचा, असं केलंत तर तोल तुम्हीच घालवलात.

एक्सपीचे, म्हणजे लेव्हल वाढवणाऱ्या अनुभवाच्या गुणांचे, तक्ते प्रत्येक प्रकारच्या पात्राला वेगळे आहेत. दुसऱ्या लेव्हलला जायला थीफला (चोर) १,२००, क्लेरिकला (धर्मगुरू) १,५००, फायटरला २,००० आणि मॅजिक-यूजरला २,५०० लागतात. फायरबॉल मिळतो त्या पाचव्या लेव्हलला मॅजिक-यूजरला २०,००० हवेत. 'सगळे एकदमच लेव्हल वाढवतात' ही सोय सुटसुटीत आहे खरी, पण ती मॅजिक-यूजरला दिलेली सवलत आहे हे ध्यानात ठेवा.

चौथा गळणारा नियम म्हणजे वेळ. त्याला वेगळी पायरीच हवी.

पायरी २ : घड्याळ सुरू करा

डन्जनमध्ये, म्हणजे राक्षस आणि खजिन्याच्या भुयारात, वेळ दहा मिनिटांच्या टर्नमध्ये मोजतात. मशाल सहा टर्न जळते, कंदील एका भरणीत चोवीस. सहा टर्नमागे एक टर्न विश्रांती. दर दोन टर्नला एक डी६ (सहा बाजूंचा डाइस) टाकायचा, १ आला तर भटकं संकट येतं. बारा टर्न, म्हणजे दोन तास, आत काढले तर सहा वेळा डाइस पडतो आणि निदान एकदा तरी गाठ पडण्याची शक्यता जवळपास ६६ टक्के होते. या भटक्या राक्षसांकडे सहसा खजिना नसतो आणि एक्सपी बहुतांशी सोन्यातून मिळतात, एका नाण्याला एक. म्हणजे ही लढाई निव्वळ तोट्याची. तिथे स्पेल खर्चावा की नाही, हा खरा पेच आहे.

आता आकडे मांडू. पाचव्या लेव्हलच्या फायटरला हॉबगॉब्लिनच्या एसी ६ ला (एसी म्हणजे बचावाचा आकडा) लागायला डी२० वर ११ किंवा जास्त हवेत, म्हणजे निम्म्या वेळा. तलवारीचा डी८, सरासरी साडेचार. ताकदीचा बोनस सोडला तर दर राउंडला सरासरी २.२५ नुकसान.

फायरबॉल ५डी६ (पाच डी६ची बेरीज), सरासरी १७.५. ऐकायला भयंकर. पण हॉबगॉब्लिनचे सरासरी हिट पॉइंट (मरण्याआधी किती मार सोसतो ते) साडेपाचच. सहा जण मेले तरी खऱ्या अर्थाने ३३ पॉइंटचंच काम झालं, बाकी आग भिंतींवर गेली.

दिवसात चार राउंडची एकच लढाई असेल तर फायटरचे ९ आणि फायरबॉलचे ३३. असं चित्र दिसलं तर फायटर वैतागणारच. पण दिवसात अशा सहा लढाया असतील तर फायटरचे ५४ होतात, फायरबॉलचे मात्र ३३च राहतात, कारण पाचव्या लेव्हलला तिसऱ्या दर्जाचा स्पेल दिवसाला एकच. सामना वीस षटकांचा आहे की पाच दिवसांचा, यावर कोणता खेळाडू भारी ते ठरतं. फायरबॉलच्या वर्णनातला एकही शब्द न बदलता तुम्ही त्याची ताकद दुप्पट किंवा निम्मी करू शकता, फक्त दिवसाची लांबी बदलून.

म्हणून 'स्पेल संपले, चला बाहेर, उद्या येऊ' या सवयीला मुकाट्याने परवानगी देऊ नका. बंदीही घालू नका. त्याची किंमत लावा. स्पेल परत मिळवायला रात्रभर निवांत झोप आणि तासभर पाठांतर लागतं. गावापर्यंत जाण्या-येण्यात वाटेवरची संकटं येतात. आणि डन्जनमधले लोक काही गोठून बसलेले नसतात: वाचलेले हॉबगॉब्लिन पहारा दुप्पट करतील, दारं आतून लावतील, किंवा खजिना गोळा करून रातोरात पळतील. टोळी बाहेर पडली की मी तीनच गोष्टी ठरवतो: कोण सावध झालं, कोण निघून गेलं, रिकाम्या खोलीत कोण शिरलं. दहा मिनिटांचं काम आहे आणि त्याचा परिणाम स्पेलच्या कोणत्याही कपातीपेक्षा जास्त होतो.

एवढं करून महिनाभर खेळा. बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात.

पायरी ३ : उरलेल्या तक्रारी कोणत्या जातीच्या आहेत ते ओळखा

त्रास देणारे स्पेल तीन जातींचे असतात. लढाई संपवणारे: स्लीप, वेब (जाळ्यात अडकवणारा), होल्ड पर्सन (जागीच खिळवणारा), फायरबॉल. अडचणच पुसून टाकणारे: कंटिन्युअल लाइट, नॉक, फ्लाय, क्लेरिकचे अन्नपाण्याचे स्पेल. आणि फायदा दिवसेंदिवस साचत जाणारे: चार्म पर्सन (मोहिनी घालणारा) हा त्यांचा मुकुटमणी. पहिल्या जातीचा गवगवा फार होतो, पण मोहिमेची वाट लावतात ती उरलेल्या दोन जाती.

*स्लीप.* २डी८ हिट डाइसचे (हिट डाइस म्हणजे राक्षस किती दणकट त्याचं माप), म्हणजे सरासरी नऊ ऑर्क, सेव्हिंग थ्रोशिवाय आडवे. ४+१ हिट डाइसपेक्षा मोठ्यांवर आणि अनडेडवर (मेलेले तरी चालतेफिरते) चालत नाही. पहिल्या लेव्हलचा मॅजिक-यूजर डी४ हिट पॉइंट, चिलखत नाही, हातात सुरा, दिवसाला एक स्पेल अशा अवस्थेत फिरतो. त्याला दिवसातून एकदा हा क्षण मिळू द्या. सेव्हिंग थ्रो जोडू नका. बदलायचंच असेल तर एडीअँडडीतली एक अट उचला: ज्यांच्यावर परिणाम होणार ते सगळे ३० फूट व्यासाच्या वर्तुळात हवेत. मग शत्रू दोन गटांत उभे करणं, एक पहारेकरी लांब ठेवणं याला अर्थ येतो. झोपलेल्यांना सरसकट कापून पुढे जाण्याची सवय टोळीला लागली असेल, तर झोप ४डी४ टर्न टिकते हे त्यांना आठवून द्या. तेवढ्या वेळात बांधून, उठवून चौकशी करता येते, आणि माहिती सोन्याइतकी मोलाची ठरेल अशी डन्जन तुम्ही लिहायला हवी.

*फायरबॉल.* वीस फूट त्रिज्येच्या गोळ्याचं घनफळ सुमारे ३३,५०० घनफूट. एडीअँडडीत आग मिळेल त्या जागेत पसरून साधारण ३३,००० घनफूट भरते. दहा फूट रुंद, दहा फूट उंच बोळात टाकलात तर ३३० फूट लांबीचा बोळ पेटतो: पुढे १६५ आणि मागे १६५. बी/एक्समध्ये हा नियम नाही, पण तो आणण्यासारखा आहे. नुकसान तसंच ठेवा आणि आगीला भूमितीप्रमाणे वागू द्या. खेळाडू नकाशा नीट काढू लागतात, मोकळ्या दालनाची वाट बघतात. शत्रूकडचे कागद आणि स्क्रोल जळतात हेही आधीच सांगून ठेवा.

*कंटिन्युअल लाइट.* माझ्या मते पुस्तकातला सर्वात घातक स्पेल हाच, आणि त्यात नुकसान शून्य आहे. साधा लाइट पहिल्या लेव्हलला सात टर्न टिकतो, जेमतेम एका मशालीएवढा, तो ठीक. पण तिसऱ्या लेव्हलला मॅजिक-यूजर एका नाण्यावर कायमचा उजेड लावतो आणि त्या दिवसापासून मशाली, तेल, त्यांचं वजन, अंधारात अडकण्याची भीती, सगळं खेळातून जातं. म्हणजे पायरी २ मधलं अर्धं घड्याळ बंद. उपाय तीन आहेत, एकच निवडा: एका मॅजिक-यूजरचा एका वेळी एकच उजेड पेटता राहील, किंवा प्रत्येक उजेडाला ५० नाण्यांचा खडा लागेल आणि तो महिन्याने विझेल, किंवा जोवर उजेड पेटलाय तोवर तेवढी स्पेलची जागा अडकून राहील. मला तिसरा आवडतो, कारण त्यात हिशोब ठेवावा लागत नाही आणि निर्णय रोज सकाळी नव्याने घ्यावा लागतो. डोळ्यांवर उजेड पाडून शत्रूला आंधळं करण्याचा वापर मात्र तसाच राहू द्या, त्यात मजा आहे.

*नॉक* विनाकारण बदनाम आहे. हिशोब बघा: ५,००० एक्सपीला मॅजिक-यूजर तिसऱ्या लेव्हलचा असतो आणि त्याच्याकडे दुसऱ्या दर्जाची एकच जागा. तेवढ्याच एक्सपीत थीफ चौथ्या लेव्हलला पोचतो, कुलूप उघडण्याची शक्यता ३० टक्के. थीफ पाहिजे तितकी कुलपं हाताळू शकतो, पण एखाद्या कुलपावर फसला तर पुढची लेव्हल येईपर्यंत ते कुलूप त्याला बंद. नॉक त्या फसलेल्या कुलपासाठी आहे. दोघांत भांडण नाही. भांडण होतं ते प्रत्येक दारासाठी नवा दिवस उजाडू दिला तर, आणि तो प्रश्न पुन्हा घड्याळाचा.

*चार्म पर्सन* बुद्धीनुसार महिन्याने, आठवड्याने किंवा दिवसाने नवा सेव्हिंग थ्रो देतो. मठ्ठ ओगर महिनाभर तुमचा. असे पाच जमले की मॅजिक-यूजरकडे खासगी फौज तयार. सोपा घरगुती नियम: मोहात पडलेले सगळे रिटेनरच्या (पगारी सोबत्यांच्या) मर्यादेत मोजा. करिष्मा ९ ते १२ असेल तर एकूण चारच. नवा हवा तर जुना सोडा, आणि सोडलेल्याला सगळं आठवतं.

वेब आणि होल्ड पर्सनबद्दल वेगळं लिहीत नाही. शत्रूकडेही एक मॅजिक-यूजर दिलात की खेळाडू स्वतःच त्यांची मर्यादा मागायला येतात.

पायरी ४ : पद्धतच बदलायची असेल तर आधी गणित करा

'रोज एक स्पेल' कंटाळवाणं वाटून बरेच जण डाइस टाकून स्पेल टाकण्याची पद्धत आणतात. डन्जन क्रॉल क्लासिक्समध्ये ती २०१२ पासून आहे, २०२३च्या शॅडोडार्कमध्येही आहे. शॅडोडार्कचं बघू: डी२० अधिक बुद्धीचा बोनस, लक्ष्य १० अधिक स्पेलचा दर्जा. हुकलं की तो स्पेल विश्रांतीपर्यंत गेला. बोनस +२ असेल तर पहिल्या दर्जाला ९ किंवा जास्त हवेत, म्हणजे ६० टक्के. यशाची शक्यता भागिले अपयशाची शक्यता, ०.६ भागिले ०.४: एक स्पेल जाण्याआधी सरासरी दीड वेळा लागू पडतो. बोनस +४ झाला की हाच आकडा २.३ वर जातो. नवा विझार्ड तीन स्पेल घेऊन सुरुवात करतो. म्हणजे पहिल्याच दिवशी सरासरी साडेचार यशस्वी स्पेल, जिथे बी/एक्समध्ये एक होता.

यात गैर काही नाही, तो खेळ त्याच हिशोबाने बांधलाय. तिथे मशाल प्रत्यक्ष घड्याळाच्या एका तासात विझते. पण ही पद्धत उचलून बी/एक्सच्या स्लीपवर बसवलीत तर दिवसाला एकाऐवजी दीड स्लीप, आणि नशीब चांगलं असेल तर चार-पाच. तेव्हा पद्धत आणा, पण मोजके स्पेल त्याबरोबर पुन्हा तोला. स्पेल पॉइंटच्या पद्धतीत (पॉइंट खर्चून स्पेल टाकायचा) धोका वेगळा: सगळे पॉइंट एकाच लाडक्या स्पेलवर उधळले जातात. तिथे एक स्पेल दिवसात दोनदाच, अशी गाठ मारा.

पायरी ५ : खेळाडूने नवा स्पेल मागितला तर

बी/एक्समध्ये संशोधनाला दर दर्जामागे दोन आठवडे आणि १,००० नाणी लागतात. हे वसूल कराच. दर्जा ठरवायला मी शेजारचा स्पेल शोधतो: पुस्तकात याच कामाच्या सर्वात जवळ काय आहे?

समजा मागणी अशी आली: 'खोलीतली धूळ वर उठून गेल्या महिनाभरात तिथे कोण आलं त्यांचे चेहरे दाखवेल, पल्ला १२० फूट, पहिला दर्जा.' शेजारी डिटेक्ट मॅजिक, पहिला दर्जा, ६० फूट, जादू आहे की नाही एवढंच सांगतो. दुसऱ्या दर्जाचा ईएसपी विचार ऐकवतो, पण समोर जिवंत प्राणी हवा. मागितलेला स्पेल दोघांपेक्षा भारी आहे आणि रहस्य असलेला प्रत्येक प्रसंग तो एका वाक्यात सोडवेल. मग एकेक बाजू घासायची. चेहरे नाहीत, फक्त आकार आणि गेलेली दिशा. महिना नाही, एक दिवस. एक खोली, ३० फुटांपर्यंत. धूळ हवीच, ओल्या गुहेत उपयोग नाही. आणि मला सर्वात महत्त्वाची वाटते ती अट: पूर्ण एक टर्न लागतो, म्हणजे घड्याळ पुढे सरकतं. आता हा प्रामाणिक पहिल्या दर्जाचा स्पेल झाला. आठवडाभर मागचं बघायचं असेल तर दुसरा दर्जा.

ध्यानात घ्या, इथे स्पेल उत्तर देत नाही, धागा देतो. 'तीन बुटके आकार, एकाने जड काही ओढत नेलं, उत्तरेच्या दाराने.' पुढचं टोळीने शोधायचं.

पायरी ६ : बदल टेबलावर आणताना

मधल्याच लढाईत नियम बदलू नका. खेळाच्या सुरुवातीला सांगा, लेखी द्या, आणि ज्याच्या पुस्तकातला स्पेल बदललाय त्याला तो एकदा फुकट बदलून घेऊ द्या. एका वेळी एकच बदल. तीन एकदम केले तर कशाने काय झालं ते कळत नाही.

वहीत एकच गोष्ट टिपा: रोज सकाळी कोणी काय पाठ केलं. एखादा स्पेल प्रत्येक वेळी आणि प्रत्येकाच्या यादीत दिसत असेल तर त्याला हात लावा, नसेल तर कुरबुर कितीही असो, राहू द्या. आणि त्याच वहीत उलट बाजूही दिसेल: व्हेंट्रिलोक्विझम, होल्ड पोर्टल, रीड लँग्वेजेस हे महिनोन्‌महिने कोणी घेत नाही. भारी स्पेल कापण्याऐवजी यांना वर आणणं जास्त फायद्याचं पडतं. असे दोन मिळून एका जागेत पाठ करू द्या. स्लीप घ्यायचा की दार रोखणं आणि खोटा आवाज दोन्ही घ्यायचं, असा प्रश्न सकाळी समोर आला की निवडायला वेळ लागतो.